कुमारी निर्मलाची सही

१९ जुलै ९९, सोमवार

आज पुन्हा एक 'यस'. मिठाईवाल्याचं डोमेन, त्याच्या साइटचं ते इंटरनेटवरचं नाव, गेलं दिनूकडे. मेल आली, वाचली, खाली यस लिहिलं, पाठवून दिली. हे शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी मॉनिटर उघडून बसले होते. मान वर न करता विचारलं, गेलं? म्हटलं, गेलं. स्क्रूड्रायव्हर जरा जोरात ठेवला. एवढंच.

वीट आलाय या यसचा. गिऱ्हाईक आमचं, जातंय माझ्या धाकट्या भावाच्या दुकानात, आणि 'जाऊ देऊ का' ही विचारणा थेट अमेरिकेतल्या डोमेनवाल्या कंपनीकडून मला. का, तर ९५ साली पहिली डोमेनं घेतली तेव्हा एकाही व्यापाऱ्याकडे ई-मेल नव्हती. हे म्हणाले, तुझीच टाक, टायपिंग तूच करतेस. टाकली. सगळ्या डोमेनांवर संमती देणारी एकच बाई : कु. निर्मला भगवान पाटील. तेव्हा मी ह्यांच्या दुकानात नोकरीला होते. लग्नाचं नावसुद्धा नव्हतं.

लेकीचा, चिकूचा, डावा बूट सापडत नाही. सासूबाई म्हणतात कुत्र्याने नेला.

२२ जुलै, गुरु.

दिनूचा फोन दुकानावर. हे बाहेर होते म्हणून बरं. "निमाताई, थँक यू." कशाबद्दल रे? मिठाईवाल्याबद्दल. म्हटलं, गिऱ्हाइकाला जायचंय तर मी कोण अडवणार. तो हसला. मला नाही हसू आलं.

दोन वर्षं आमच्याकडेच शिकला. वायर कशी लावायची इथपासून. होळीच्या आसपास ह्यांचं नि त्याचं वाजलं, गिऱ्हाइकांच्या देखत, आणि महिन्याभरात त्याने उधन्याला स्वतःचं दुकान टाकलं. साइट, डोमेन, सगळं तेच. तेव्हापासून घरात त्याचं नाव 'तुझा भाऊ'.

ह्यांचा आवाज, दुसरं काय. लहानपण कापडाच्या लूमच्या खडखडाटात, बारावीनंतर स्वतः चार वर्षं लूमवर. तिथे शेजारच्याशीसुद्धा ओरडूनच बोलावं लागतं. डावा कान अर्धा तिथेच राहिला. त्यामुळे 'चहा घ्या' म्हणाले तरी माणूस दचकतो. दिनू लूमवर कधी उभाच राहिला नाही, बाबांनी राहू दिलं नाही. म्हणून त्याचं सगळं हळू आणि गोड. मार्केटमधले म्हणतात, संजयभाई बहु खिजाय छे. कुणाकुणाला सांगत बसू की ते रागावत नाहीत, ते बोलतात.

हे मात्र खरं की होळीला ते रागावलेच होते.

२७ जुलै, मंगळ.

आज घाव बसला.

कडोदऱ्याचे हसमुखभाई. त्यांच्या मिलची साइट, साड्यांचे फोटो, त्यांचे कॉम्प्युटर, प्रिंटर, सगळं आमच्याकडे. खरं बोलायचं तर आमचं दुकान त्यांच्यावर चालतं, बाकीचे आपले येऊन जाऊन. त्यांचा मुनीम रिबन घ्यायला आला आणि बोलता बोलता बोलून गेला, दिनेशभाई आव्या हता. सेठ जोडे बेठा हता. म्हणजे दिनू सेठबरोबर बसून गेला. ह्यांनी रिबन दिली, पावती फाडली, पैसे न मोजता गल्ल्यात टाकले. मला तेव्हाच कळलं.

जेवताना बोलले. सासूबाईंसमोर. "हसमुखभाईची मेल आली आणि तू यस लिहिलंस, तर राखीला गेलीस की तिकडेच राहायचं."

चिकूने घास तोंडात धरून माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखंच मोठ्याने बोलले, पण हा आवाज लूमचा नव्हता. सा.बाईंनी भाजी वाढायला घेतली, तशीच ठेवली. मी पोळी वाढली. दुसरं काय करणार होते?

हसमुखभाई गेले तर दुकान उठणार, हे पुन्हा कोणाच्या तरी शेडमध्ये लूम दुरुस्त करत फिरणार. नाही गेले तर भाऊ तोंड फिरवणार. आणि दोन्ही माझ्या तीन अक्षरांवर. वाय ई एस.

३० जुलै, शुक्र.

ह्यांनी युक्ती काढली. जुनं इंटरनेटचं खातं बंद करून टाकलं, आता नवं कनेक्शन आहेच म्हणाले. माझी मेल त्या जुन्या खात्यावर. खातं नाही तर मेल येणार नाही, मेल नाही तर यस नाही, यस नाही तर डोमेन हलणार नाही. बोटांवर मोजून दाखवलं. खूष होते, कितीतरी दिवसांनी.

म्हटलं, बाकीच्या मेली? म्हणाले, तुला कोण मेल टाकतंय!

तेही खरंच. आणि रोजनिशीत कशाला खोटं लिहू, मला सुटल्यासारखं झालं. प्रश्न माझ्यापर्यंत येणारच नाही. बसा म्हटलं दोघे.

बूट सापडला. पाण्याच्या टाकीमागे.

५ ऑगस्ट, गुरु.

दिनू मार्केटच्या खाली आला होता. वर दुकानात यायची हिंमत नाही. उसाच्या रसाच्या गाडीशी उभं राहून बोललो, लोक बघत होते.

ताई, मेल आली का? अर्ज पाठवून बरेच दिवस झाले. म्हटलं, येणार नाही, खातंच बंद केलंय. त्याचा चेहरा उतरला. विचारलं, "हे तुझं काम की दाजींचं?"

काय सांगू? बंद त्यांनी केलं. बरं मला वाटलं.

मग त्याने सगळं एका दमात सांगितलं. हसमुखभाईंना शब्द देऊन बसलाय. त्यांच्या डोमेनची मुदत दिवाळीच्या आधी संपते. कोणी लक्ष दिलं नाही तर सुटेल आणि दुसरा कोणी उचलेल, मग सेठ दोघांनाही दारात उभं करणार नाही. शिवाय त्याच्यासाठी अमळनेरची मुलगी बघायला चाललेत, तिचे वडील विचारतात की मुलाचं मोठं गिऱ्हाईक कोण. बोलता बोलता रसाचा ग्लास तसाच राहिला, माश्या बसल्या.

लहानपणी मी शाळेतून येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायचा. जेवायचा नाही. ते उगाच आठवलं.

११ ऑगस्ट, बुध.

ग्रहण. संध्याकाळी होतं पण सा.बाईंनी सकाळपासून चूल बंद केली, पाण्यात, पिठात, लोणच्यातसुद्धा तुळशीची पानं. दुकान अर्धा दिवस. हसमुखभाईंच्या मुनीमाचा फोन, ग्रहण सुटेपर्यंत डोमेनचं काही करायचं नाही असं सेठनी सांगितलंय. ह्यांनी मोठ्या समाधानाने फोन ठेवला. जसं काही त्यांचंच ऐकून सूर्य झाकला.

आभाळ भरलेलं. काही दिसलं नाही, नुसतं अंधारून आलं. चिकू झोपली.

ग्रहण सुटल्यावर सगळ्यांनी आंघोळी केल्या. मी दोनदा केली, बरं वाटत नव्हतं म्हणून. काय बरं वाटत नव्हतं ते सांगता येत नाही.

१४ ऑगस्ट, शनि.

दिनूने वाट काढलीच. मेल चालत नसेल तर कंपनी फॅक्स घेते. लेटरहेडवर संमती देणाऱ्याची सही आणि सोबत त्याच नावाचं फोटो असलेलं ओळखपत्र. मार्केटच्या पीसीओवर फोन करून बोलावून घेतलं मला आणि सांगितलं. सही कोणाची, तर कुमारी निर्मला भगवान पाटील यांची.

आता ही बाई आणायची कुठून?

लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीने लिहिलं, संजीवनी. संजयला शोभेल असं. ह्यांनी सा.बाईंना विचारलं होतं, सा.बाईंनी भटजींना. मला मांडवात कळलं. बायका म्हणाल्या छान आहे, मीही म्हटलं छान आहे. वाईट नाहीच आहे. मग रेशनकार्ड संजीवनी संजय महाजन, मतदानाचं कार्ड संजीवनी, बँक संजीवनी, गॅस संजीवनी. हे सगळं बदलायला ह्यांनी स्वतः खेटे घातले. डोमेनांचं मात्र ना त्यांना सुचलं ना मला. रोज त्या मेली वाचत होते, डिअर निर्मला, आणि एकदाही मनात आलं नाही की अगं, ही तू नाहीस आता.

सासरी कोणी निर्मला म्हणत नाही. माहेरी कोणी संजीवनी म्हणत नाही. अमेरिकेतली कंपनी माहेरची निघाली म्हणायची.

ह्यांना सांगितलं फॅक्सचं. लपवून काय उपयोग. हसले. "निर्मलाचा एक कागद घरात नाही. आणू दे त्याला सही कुठून आणतो ते."

१८ ऑगस्ट, बुध.

हसणं फार टिकलं नाही.

कामरेजचे पंपवाले सकाळी सकाळी फोनवर. साइट बंद. अकरापर्यंत अजून दोघे. आम्ही सगळ्यांच्या साइट मुंबईच्या ज्या कंपनीच्या मशीनवर ठेवतो त्यांनी मशीन बदललंय, जुनं या महिनाअखेर पूर्ण बंद. ह्यांनी घाईघाईने सगळ्या डोमेनांवर नव्या मशीनचा पत्ता टाकायला पाठवलं. अमेरिकेतून उत्तर, संमतीसाठी मेल पाठवली आहे. कोणाला? त्याच बंद खात्यावर. खातं परत मागायला गेले तर ते आता मिळत नाही.

दुपारभर हे स्क्रीनसमोरून उठले नाहीत. पंपवाले दोनदा येऊन गेले, दुसऱ्यांदा तर खुर्चीवर बसलेही नाहीत. मी नुसती की-बोर्ड पुसत होते. शेवटी ह्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"तुला तुझी जुनी सही येते का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. राग यायला पाहिजे होता. पण ते तसे बसलेले, शर्टावर सोल्डरिंगचा डाग, डोळे खाली गेलेले. म्हटलं, सही येईल कदाचित. ओळखपत्र मायकडे आहे, नवागामला, पेटीत.

माय म्हणजे दिनूचं घर. ते उठले. शटर लवकर ओढलं.

२२ ऑगस्ट, रवि.

श्रावणातली कानबाई देवी घरी बसली.

चार दिवस दळणं, पुरण, सामान. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी काढून गहू धुतला. चिकू मुलगी, तिची मूठ नाही. तिने विचारलंच, माझी? सा.बाईंनी तिला चिमूटभर वेगळे दिले खेळायला. नारळाला नथ लावली, ओढणी घातली, केळीच्या खांबात देवी इतकी सुंदर दिसत होती की बघत राहावं. ह्यांचे सगळे भाऊबंद दिंडोली, लिंबायतहून आलेले. रोट, म्हणजे त्या गव्हाचा प्रसाद, फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. मी लग्नाने आतली.

दिनू दर्शनाला आला. येईल असं वाटलं नव्हतं. सा.बाईंनीच बस म्हटलं, माणूस म्हणून बाई मोठी आहे, तिचं हे मला दर वेळी नव्याने कळतं. रोट त्याला देता येत नाही, म्हणून मी भजी वेगळी काढून ठेवली होती. येणार नाही म्हणत होते आणि भजी काढून ठेवली होती.

बायकांची गाणी जोरात. मी आत पुरण वाटत. ह्यांनी स्वयंपाकघरात डोकं घातलं, तो पेटी उघडू देत नाही का मायला? विचार ना. म्हटलं, तुम्हीच विचारा, बाहेर बसलाय. गेले. थोड्या वेळाने दिनू आला, पाणी प्यायच्या निमित्ताने. ताई, तुझं कार्ड मी मागितलं तर माय देत नाही, म्हणते, "जिनं शे तिलेच देसू." तू ये ना घ्यायला. फॅक्सचा कागद तयार आहे, फक्त सही.

तो गेला तर हे परत. म्हणे माझाही कागद तयार आहे.

हात कोपरापर्यंत पुरणात. एका सणाला, एका स्वयंपाकघरात, दोघेही तिच्याच मागे, जिला लग्नात तांदळाखाली गाडून टाकलं होतं. डोकं असं उठलं की पातेलं आपटलं. बाहेर गाणंसुद्धा अर्धा क्षण थांबलं. मी म्हटलं, आज कानबाई आहे. आज कोणाला काही मिळणार नाही.

दोघेही बाहेर गेले. दिनूने भजी संपवली मात्र.

२३ ऑगस्ट, सोम.

देवी वाजतगाजत गेली. सगळ्या गल्लीच्या कानबाया एकामागून एक. पाय दुखतात.

सा.बाई रात्रीची भांडी माझ्यासोबत घासायला बसल्या, कधी बसत नाहीत. म्हणाल्या, माझं नाव आधी गोदावरी होतं, तुला माहितीये का? नव्हतं माहीत. मग पुढचं पातेलं ओढून घेतलं. मी पाणी ओतत राहिले.

२६ ऑगस्ट, गुरु. राखी.

सकाळपासून एकच घोळ. जायचं की नाही, विचारायचं की नाही. हे म्हणाले, चल, सोडतो. चिकू पुढे उभी, मी मागे, स्कूटर नवागामच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. आत आले नाहीत. मी उतरले, पदर सारखा केला. स्कूटर वळवून म्हणाले, "संध्याकाळी घ्यायला येतो. तयार राहा."

त्यांच्या त्या आवाजात. अख्ख्या गल्लीने ऐकलं. समोरची पापड वाळत घालणारी मान वर करून बघायला लागली. मला एवढं बरं वाटलं की तिथेच उभी राहिले जराशी.

दिनूला ओवाळलं. त्याने साडी दिली आणि साडीच्या खाली फॅक्सचा कागद. म्हटलं, उचल तो. उचलला. लाजला.

माय पेटी उघडून बसली. कॉलेजचं कार्ड, प्लास्टिक पिवळं पडलेलं. फोटोत दोन वेण्या, कपाळ केवढं मोठं. चिकू म्हणे ही कोण? माय म्हणाली, ही निमा. चिकूला पटलं नाही. मायला मी विचारलं, तू असतीस तर काय केलं असतंस? तिने कार्ड माझ्या हातात ठेवलं, पेटीचं झाकण लावलं, कडी घातली, मग म्हणाली, "भाऊ बी तुना शे, नवरा बी तुनाच शे. मी काय सांगू?"

दुपारी सगळे आडवे झाल्यावर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला सही करून बघितली. वाटलं होतं विसरले असेन. पहिल्याच झटक्यात आली, 'ला'चा काना लांब खाली ओढलेला, तेव्हा मोठी ऐट वाटायची त्याची. मोरीत जाऊन रडले. का ते विचारू नका. कोण विचारतंय म्हणा.

हे घ्यायला आले. दिनू बाहेर आला, दोघे पावसाबद्दल बोलले.

२८ ऑगस्ट, शनि.

एक गोष्ट डोक्यात फिरत होती. इतके दिवस हे मला सांगतात, दिनू मला सांगतो, अमेरिका मला विचारते. हसमुखभाईंना कोणी विचारलं का? मुनीमाचं ऐकून सगळे धावतायत.

पीसीओवर जाऊन कडोदऱ्याला फोन लावला. नाव सांगितलं संजीवनी, ओळखलं नाही. निर्मलाबेन म्हटल्यावर लगेच, अरे बेन, तमे! तुम्ही दुकानात फोन घ्यायचात तेव्हा सगळं नीट होतं म्हणाले. साड्यांची नावं तुम्ही फोनवर बरोबर लिहून घ्यायचात. आता फोन केला की संजयभाई ओरडतात. मी गिऱ्हाईक, मी का ऐकून घेऊ? दिनेशभाई शांत माणूस आहे.

मी सांगितलं. सेठ, ते ओरडत नाहीत. लूमवर होते, एक कान गेलाय, त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही. तुमच्याच मिलमध्ये लूमवरची माणसं कशी बोलतात बघा.

मग म्हणाले, "ए तो मने कोईए कह्युं ज नहीं."

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे. मला वाटलं झालं, आता म्हणतील राहू दे तिथेच. पण नाही. म्हणाले, दिनेशभाईंनाही मी हो म्हटलंय, शब्द दिलाय. माझी साइट चालली पाहिजे आणि फोनवर नीट बोललं पाहिजे, बाकी मला काही कळत नाही. आता तुम्हीच ठरवा बेन, तमे कहो ते.

म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात. फोन ठेवला. तमे कहो ते.

३० ऑगस्ट, सोम.

ह्यांचा कागद होता : संमती देणारी व्यक्ती बदलून संजय महाजन करावी. दिनूचा कागद होता, राखीला निघताना त्याने माझ्या हातात पुन्हा सरकवलेला : हसमुखभाईंचं डोमेन त्याच्या दुकानाकडे द्यावं. दोन्हींच्या खाली जागा सोडलेली, माझ्यासाठी.

दोन्ही घडी करून पर्समध्ये ठेवले. सायबर कॅफेत गेले, स्वतःसाठी फुकटातली एक ई-मेल उघडली. मग कंपनीच्या नमुन्यावरून तिसरा कागद स्वतः टाइप केला. कंपनीकडे माझा नोंदणीचा एकच नंबर आहे, सगळ्या डोमेनांना तोच लावलेला. लिहिलं, माझा ई-मेलचा पत्ता बदलला आहे, यापुढे नव्या पत्त्यावर विचारावं. अर्जात नाव बदलायचंय का असाही रकाना होता. तो कोरा ठेवला.

सही केली. मायने दिलेलं कार्ड सोबत जोडलं. लेटरहेड आमच्याच दुकानाचं होतं, माझ्याच हाताने छापायला दिलेलं. पीसीओवाल्याने फॅक्स लावला, तिसऱ्यांदा गेला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. सगळं, हसमुखभाईंच्या फोनसकट. आवाजाचं सांगितलं तेव्हा कानाला हात लावला त्यांनी, नकळत. मग विचारलं, पासवर्ड काय ठेवलाय? म्हटलं, ठेवलाय.

३ सप्टेंबर, शुक्र.

कंपनीने मान्य केलं. नव्या पत्त्यावर एकामागून एक मेली. मशीन बदलायच्या सगळ्यांना यस, हसमुखभाईंच्या सुद्धा, त्यांची साइट अंधारात कशाला. जुनं मशीन तर महिनाअखेरच गेलं होतं, दोन दिवस फोनवर सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. पंपवाल्यांचं आज सुरू झालं, संध्याकाळी स्वतः जिलेबी घेऊन आले. हे त्यांच्याशी बोलताना मधेच थांबायचे आणि आवाज खाली आणायचे. मग विसरायचे. पुन्हा आणायचे. मला हसू आवरेना.

दिनूला फोन केला. म्हटलं, तुझा अर्ज नव्याने टाक, आता मेल मला येईल. "आणि तू यस लिहिशील?" म्हटलं, टाक तर खरं.

दमले आहे. नुसती झोप पाहिजे.

७ सप्टेंबर, मंगळ.

आली.

डिअर निर्मला. तुमच्या ताब्यातलं अमुक डोमेन अमुक दुकानाकडे जात आहे, आपण सहमत आहात का? खाली यस किंवा नो. ठराविक दिवसांत उत्तर न आल्यास अर्ज रद्द.

हसमुखभाई म्हणतात तुम्ही म्हणाल ते. दिनूचा सकाळपासून दोनदा फोन, दोन्ही वेळा फक्त चिकू कशी आहे विचारलं. अमळनेरवाले रविवारी येतायत. आणि दुकान तर दिसतंच आहे, या खुर्चीवरून सगळं दिसतं, हसमुखभाईंच्या प्रिंटरचं रिकामं खोकं कोपऱ्यात, त्यावर ह्यांचा डबा.

यस लिहिलं तर काय होईल ते मला माहीत आहे. नो लिहिलं तरी माहीत आहे. काहीच नाही लिहिलं तर आपोआप नो होतं, ते सगळ्यात सोपं, आणि म्हणूनच ते करायचं नाही एवढं मी ठरवलंय. बाकी काही ठरलेलं नाही.

हे मागे येऊन उभे राहिले. वाचत होते, इंग्रजी त्यांना वेळ लागतो. काहीतरी विचारलं, मला ऐकूच आलं नाही. इतकं हळू बोलले. काय म्हणालात, म्हटलं. पुन्हा विचारलं.

"निर्मला काय म्हणते?"

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते नाव. मी वळून बघितलं नाही. म्हटलं, तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं, तिला जरा वेळ लागेल.

बरं, म्हणाले. चहा सांगायला खाली गेले. मेल उघडीच आहे समोर.